नांव कीं आंकडा?

दरवर्षीं नोव्हेंबरचा दुसरा रविवार आला कीं इंग्लंडांतील लहानमोठ्या चर्चमधून युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ उपासना होते. अकरा वाजतां सर्व मंडळी दोन मिनिटें स्तब्ध उभी राहतात, आणि खेड्यापाड्यांतून त्या त्या गांवच्या मृतांचीं नांवें एकामागून एक मोठ्यानें वाचलीं जातात. आपल्या देशांतहि कांहीं शहरांतील चर्चमधून व युद्धस्मशानांतून असे विधि होतात. हे विधि पाहिले कीं आमच्या सुशिक्षितांच्या तोंडीं एक ठरीव वाक्य येतें: साम्राज्य गेलें, साहेबाची रीत मात्र राहिली! माझ्या एका विद्वान स्नेह्यांनीं तर परवां निकालच देऊन टाकला कीं, ते शिपाई भाडोत्री होते, आणि भाडोत्र्यांचें श्राद्ध कोणी घालीत नसतें. हा निकाल दिसावयास बाणेदार आहे. परंतु तो अन्यायाचा आहे असें माझें स्पष्ट मत असल्यामुळें त्याचा समाचार घेणें मला अवश्य वाटतें.

प्रथम 'भाडोत्री' या शब्दाकडे पाहूं. ज्या सरकारचा पगार घेऊन कोंकणांतला किंवा माणदेशांतला शेतकऱ्याचा पोर पलटणींत गेला, त्याच सरकारचा पगार घेऊन आमच्या आजोबा-पणजोबांनीं कचेऱ्यांत लेखण्या झिजविल्या व शाळाखात्यांत पुस्तकें लिहिलीं. त्यांच्या तसबिरी आम्ही दिवाणखान्यांत लावतों. त्यांना कोणी भाडोत्री म्हणत नाहीं. मग एकाच धन्याची लेखणी धरणारा तेवढा प्रतिष्ठित आणि बंदूक धरून मरणारा तेवढा भाडोत्री, हा न्याय कोठला? शिवाय मृताचें स्मरण म्हणजे त्याच्या युद्धाचें समर्थन नव्हे. बापाचें श्राद्ध घालणारा मुलगा बापाच्या प्रत्येक कृत्याला संमति देतो असें कोणतें धर्मशास्त्र सांगतें?

हा विधि केवळ साम्राज्याच्या डौलासाठीं निघाला, हेंहि खरें नाहीं. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सरकारनें मृतांचीं शवें मायदेशीं आणण्यास मनाई केली होती. त्यामुळें लाखों घरांना रडावयास थडगें उरलें नाहीं. १९१९ सालीं दोन मिनिटांची स्तब्धता सुरू झाली. १९२० सालीं लंडनमध्यें लट्येन्स यांनीं योजलेलें रिकाम्या थडग्याचें दगडी स्मारक अनावृत झालें, आणि त्याच दिवशीं वेस्टमिन्स्टर ॲबींत एका अनामिक सैनिकाला मूठमाती देण्यांत आली. लट्येन्स यांच्या स्मारकावर क्रूस नाहीं. मृतांत अनेक धर्मांचे लोक आहेत, याची जाणीव त्यामागें होती. घराघरांतील दुःखाला एक जागा व एक वेळ मिळाली, हाच या विधीचा प्राण होय.

साहेबावर ठेवावयाचा खरा दोष निराळाच आहे. त्यानें स्मरण केलें हा दोष नव्हे. सर्वांचें सारखें केलें नाहीं, हा दोष. मुंबईस कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्यें जाऊन पाहावें. सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांसाठीं बांधलेलें हें चर्च १८५८ सालीं पवित्र करण्यांत आलें. त्यांतील लेखाचा आशय असा कीं, अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं आहेत. साधे शिपाई इतके आहेत कीं त्यांचीं नांवें देतां येत नाहींत. मरणाऱ्यांची संख्या फार झाली, हेंच त्यांना विसरण्याचें कारण!

पुढें १९१७ सालीं युद्धांतील थडग्यांसाठीं साम्राज्याचें एक कमिशन नेमलें गेलें. हुद्दा, वंश वा धर्म न पाहतां प्रत्येक मृताचें नांव कोरावयाचें, असें उदात्त तत्त्व त्यानें जाहीर केलें. फ्रान्समध्यें न्यव्ह-शापेल येथें १९२७ सालीं उघडलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांचीं नांवें आहेत. पण बसऱ्याचें स्मारक पाहा. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी गेल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूत पडलें, तेव्हां उरलेले शत्रूच्या हातीं सांपडले. या मोहिमेंतील मृतांसाठीं १९२९ सालीं जें स्मारक उघडलें, त्यावर गोऱ्या शिपायाचें नांव आहे, हिंदी अधिकाऱ्याचेंहि आहे. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या! युरोपांतील प्रवाशांच्या डोळ्यांसमोर समता, आणि वाळवंटांत बेरीज. हें माझें एकट्याचें म्हणणें नाहीं. कमिशनच्या वारस संस्थेनेंच २०२१ सालीं चौकशी करून कबूल केलें कीं, ४५,००० ते ५४,००० मृतांना असमान वागणूक मिळाली, आणि निदान १,१६,००० जणांची, कदाचित् ३,५०,००० पर्यंत, नांवानिशीं अथवा मुळींच स्मृति राखली गेली नाहीं; यांतले बहुतेक पूर्व आफ्रिका व ईजिप्त येथील होते. त्या संस्थेनें क्षमाहि मागितली.

साहेबानें क्षमा मागितली. आतां आपण आपल्याकडे पाहूं. महाराष्ट्रांतील कित्येक खेड्यांत एक लहान संगमरवरी पाटी आढळते: या गांवांतून महायुद्धास इतके गेले, पैकीं इतके मेले. येथेंहि आंकडाच. ही पाटी ज्यांनीं लावली ते जाऊन पाऊणशें वर्षांवर लोटलीं. त्या आंकड्याखालीं नांवें लिहावयास आपले हात कोणी धरले होते? उलट कोरेगांवचा स्तंभ पाहा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर तो कंपनीनेंच उभारला. पण त्यावर पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत, आणि त्यांतील कित्येक 'नाक' या पदानें संपणारीं आहेत. त्या नांवांत एका तुडविलेल्या समाजानें आपले पूर्वज ओळखले. १९२७ सालीं डॉ. आंबेडकर तेथें गेले. आज दर १ जानेवारीस तेथें लाखोंचा समुदाय जमतो. स्तंभ परक्यानें उभारला, स्मरण लोकांनीं आपलेंसें केलें. आणि हें घडलें तें दगडावर नांवें होतीं म्हणून.

आपल्या तर्पणांतहि नांव व गोत्र उच्चारावें लागतें. आंकड्याला तिलांजलि देतां येत नाहीं. म्हणून चर्चमधील त्या विधींतून उचलावयाचें असेल तर नांवांचें तें वाचन उचलावें. बिगूल व फुलांचीं चक्रें नसलीं तरी अडणार नाहीं. इटलींतील माँतोने या गांवानें १९४४ सालीं तेथें पडलेल्या यशवंत घाडग्यांच्या नांवें २०२३ सालीं स्मारक उभारलें. माणगांव तालुक्याचा हा पोर त्या परक्या गांवाला आपला वाटला. आमच्या गांवांना आपलेच पोर आपले वाटूं नयेत काय? म्हाताऱ्यांच्या आठवणी, पेन्शनचीं जुनीं कागदपत्रें व पलटणींच्या नोंदी अजून हाताशीं आहेत. इतिहास शिकविणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनीं विद्यार्थी घेऊन तीं नांवें गोळा करावीं, आणि वर्षांतून एकदां देवळांत, मशिदींत, चर्चमध्यें किंवा चावडीवर तीं मोठ्यानें वाचावीं. युद्ध बरें कीं वाईट, हा वाद त्यानंतर खुशाल करावा. माझ्या विद्वान स्नेह्यांनाहि मी त्या वाचनास बोलावीन. यादींत त्यांच्या गांवचें एखादें नांव निघालें, तर 'भाडोत्री' हा शब्द त्यांनीं तेथें, त्या नांवापुढें, उच्चारून दाखवावा.