कोयत्याची मूठ कोणाच्या मापाची?

ऊसतोडणीचा हंगाम आला की मजुरीचा दर, मुकादमाची उचल आणि कारखान्यांचे गाळप यांवर भरपूर लिहिले जाते. कोयत्याची मूठ चर्चेत येत नाही. बीड, जालना, परभणीच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास निघालेल्या तोडकऱ्याच्या तळव्यात मात्र पुढचे काही महिने तीच मूठ असते.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. बुडख्याकडे साखर जास्त असते आणि खोडवाही नीट फुटतो. त्यामुळे कंबरेत वाकून, मनगट वळवून घाव घालावा लागतो आणि प्रत्येक घावाचा हिसका मुठीतून हातात उतरतो. मूठ फार बारीक असेल तर बोटे जास्त आवळावी लागतात. आखूड असेल तर तिचे टोक तळव्याच्या मध्यात रुतते आणि तिथल्या नसा दबतात. घामाने ती निसटू लागली की पकड आणखी घट्ट होते, हात आणखी लवकर थकतो. अमेरिकेतील ‘निऑश’ या सरकारी संस्थेने २००४ मध्ये हातहत्यारांविषयी पुस्तिका काढली. जोर लावायच्या हत्याराची मूठ ३२ ते ५१ मिलिमीटर जाड आणि किमान १० सेंटिमीटर लांब असावी, असे ती सांगते.

मग कारखान्यांनी किंवा ऊसतोड कामगार महामंडळाने चांगल्या मुठीचे कोयते वाटावेत का? एल साल्वाडोरमधील एका कारखान्याच्या फडांत असा प्रयत्न झाला आहे. तोडकऱ्यांना पाणी, सावली, ठरलेली विश्रांती आणि सुधारित कोयते दिल्यावर दिवसाची सरासरी तोड माणशी ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. आकडा मोठा आहे, पण त्यात पाण्याचा वाटा किती आणि कोयत्याचा किती हे वेगळे काढता येत नाही. शिवाय तिकडे ऊस पेटवून मग तोडतात, आपल्याकडे बहुतेक हिरवाच तोडतात. पाचट सोलणे, वाढे छाटणे ही कामेही त्याच कोयत्याने होतात.

सरसकट वाटपाबद्दल माझी शंका वेगळीच आहे. बोटांसाठी खाचा पाडलेली प्लास्टिकची मूठ दुकानात सुबक दिसते, पण त्या खाचा एकाच मापाच्या हाताला बसतात. नवरा-बायकोची जोडी मजुरीच्या हिशेबात एक धरली जाते. हात मात्र दोघांचे सारखे नसतात. लाकडी मूठ तासता येते, तिच्यावर चिंधी किंवा सायकलची ट्यूब गुंडाळून ती जाड करता येते, मोडली तर गावचा लोहार बदलून देतो. तोडकऱ्यांची ही जुगाडे अडाणीपणाची नव्हेत, ती मापे घेण्याचीच रीत आहे. अर्थात ओली चिंधी सरकते आणि घट्टे घासून फोड येतात, हेही तितकेच खरे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुरी टनावर मिळते. २०२४ च्या सुरुवातीला टनाला ३६६ रुपये दर ठरला. मूठ सुखाची झाली तर माणूस जास्त तोडेल, पैसे जास्त मिळतील, पण शरीराला विसावा मिळेलच असे नाही. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकमध्ये चढताना मान आणि गुडघे सोसतात, तिथे मुठीचा काही उपयोग नाही. तरीही म्हणून मूठ सुधारूच नये, हा युक्तिवाद मला पटत नाही. दुखरा हात हा विश्रांतीचा पर्याय असू शकत नाही.

म्हणून सुरुवात धारेपासून करावी. बोथट पात्याला जास्त जोर लागतो, तिथे कोणतीही मूठ अपुरी पडते. कोप्यांच्या तळावर हंगामभर लोहार बसवावा, त्याच्याकडे चांगल्या कानशी आणि दोन-तीन जाडीच्या लाकडी मुठी असाव्यात. मूठ निवडताना आधी बायकांच्या हातात देऊन पाहावी, कारण मापात त्यांनाच आजवर कोणी धरलेले नाही. हा खर्च कारखान्याने करावा आणि तो उचलीतून कापू नये.