कुत्र्याचे नख जिव्हाळी लागले तर

रानात-वस्तीवर मोकळ्या हिंडणाऱ्या कुत्र्याची नखे सहसा कापावी लागत नाहीत. खडकाळ वाटेवर ती आपोआप झिजतात. अडचण येते ती दिवसभर साखळीला असलेल्या किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची, आणि पुढच्या पायाला आतल्या बाजूने वर असणाऱ्या अंगठ्याच्या नखाची. हे नख जमिनीला टेकत नाही. वाढत वाढत ते गोल वळते आणि कातड्यात रुतते. मग घरातले कोणीतरी कात्री घेऊन बसते आणि नख जिव्हाळी लागते.

कुत्रा केकाटतो, रक्त टपटप गळते. घाबरू नका. निरोगी कुत्र्याचे एवढ्याने काही बिघडत नाही.

आधी स्वतःचे हात सांभाळा. किती का मायाळू असेना, दुखल्यावर कुत्रा चावू शकतो. ज्याच्या हातची भाकरी तो रोज खातो त्यानेच त्याला धरावे, पोरांना लांब ठेवावे. वाटल्यास मऊ सुती पट्टीने तोंड बांधा, नाक मोकळे ठेवा आणि काम होताच सोडा. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, म्हणून तोंड फार वेळ बांधू नये. धरताना चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. 'आपलाच कुत्रा आहे' म्हणून थांबू नका. जखमेवर चुना-मिरची तर मुळीच नको.

आता नखाकडे वळू. धुतलेल्या फडक्याने नखाचे टोक दाबून धरा, सलग पाच ते दहा मिनिटे. थांबले का म्हणून दर क्षणाला फडके उचलून पाहू नये. धरत आलेली गाठ त्याने सुटते. दाढीच्या तुरटीची बारीक पूड टोकावर दाबली तर रक्त लवकर थांबते, थोडे झोंबते एवढेच. तुरटी नसेल तर मैदा चालेल. हळद लावायची तर लावा, पण रक्त थांबते ते दाबल्याने. रॉकेल, फिनेल, तंबाखू यांतले काही लावू नका. कुत्रा पाय चाटतो, ते सगळे पोटात जाते. आणि माणसाची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषासारखी बाधू शकते.

रक्त थांबल्यावर दिवसभर त्याला कोरड्या, स्वच्छ जागी बांधा. शेणा-चिखलात सोडू नका. पावसाळ्यात माश्या बसून जखमेत अळ्या पडतात, म्हणून तीन-चार दिवस रोज पाय पाहा. सूज, पू, घाण वास, लंगडणे दिसले तर डॉक्टरांना दाखवा.

अर्धा तास दाबूनही रक्त थांबत नसेल तर मात्र दोष नुसत्या नखाचा नसावा. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात रक्त गोठण्याची शक्ती कमी होते; काही उंदीरनाशकांनीही तसेच होते. कुत्रा मलूल असेल, हिरड्या पांढुरक्या दिसत असतील किंवा नाकातून रक्त येत असेल, तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, आणि गोचिडांची व उंदराच्या औषधाची गोष्ट तिथे आपणहून सांगा.

पुढच्या वेळी नख आंघोळीनंतर, मऊ असताना कापा. पांढऱ्या नखात गुलाबी जिव्हाळी दिसते, तिच्या अलीकडेच थांबावे. काळ्या नखात ती दिसत नाही. तिथे तांदळाएवढा तुकडा काढत जावे आणि कापलेल्या तोंडाच्या मध्यभागी ओलसर गडद ठिपका दिसला की हात आवरावा.