परंपरेचा मान आणि पुराव्याचे मोल

औषधोपचाराचा प्रश्न जसा वैद्यकशास्त्राचा, तसाच तो अर्थशास्त्राचाही आहे. रोगी आपल्या खिशातून औषध घेतो तोवर त्याची श्रद्धा ही त्याची खासगी बाब असते. तोच खर्च सर्वांच्या वर्गणीतून होऊ लागला की त्या श्रद्धेचा हिशेब मागण्याचा अधिकार समाजाला प्राप्त होतो. या दृष्टीने दक्षिण कोरियातील पारंपरिक वैद्यकाचा अनुभव अभ्यासनीय आहे.

या वैद्यकाची परंपरा मोठी आहे. राजवैद्य हो जुन यांनी १६१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘दोंगई बोगाम’ या ग्रंथाची युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. या पद्धतीचे काही उपचार १९८७ पासून राष्ट्रीय आरोग्यविम्यात समाविष्ट झाले. मणके व सांधे हाताने पूर्ववत करण्याच्या ‘चुना’ उपचाराला २०१९ मध्ये विम्याची मान्यता मिळाली. २०२० च्या अखेरीस चेहऱ्याचा पक्षाघात, मासिक पाळीतील वेदना यांसारख्या तीन विकारांवरील काढ्यांना प्रायोगिक स्वरूपात विमा लागू झाला व २०२४ मध्ये ही यादी सहा विकारांपर्यंत वाढविण्यात आली.

आता पुराव्याकडे वळू. मानेच्या जुनाट दुखण्याच्या १०८ रुग्णांवरील एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून एकास चुना व दुसऱ्यास नेहमीचे उपचार देण्यात आले. चुना घेणाऱ्यांच्या वेदना अधिक कमी झाल्या. आपल्याला कोणता उपचार मिळतो आहे हे रुग्णांना ठाऊक होते, त्यामुळे अपेक्षेचा काही परिणाम त्यात मिसळला असणे शक्य आहे. तरीही येथे तुलना आहे, आणि म्हणून या निष्कर्षाला किंमत आहे.

याउलट २०१९ मध्ये पुढे आलेला वंध्यत्वावरील अभ्यास पाहावा. ९० स्त्रियांना काढे व सूचिकर्म उपचार देण्यात आले. १३ जणींना गर्भधारणा झाली व ७ जणी प्रसूत झाल्या. परंतु तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. कारण न सापडलेल्या वंध्यत्वात काही स्त्रियांना उपचारावाचूनही गर्भ राहतो. मग या सात प्रसूतींचे श्रेय औषधाला द्यावे की निसर्गाला? तेथील अनेक स्थानिक शासनसंस्था अशा उपचारांवर पैसा खर्च करतात, म्हणून हा प्रश्न केवळ पांडित्याचा उरत नाही.

अर्थशास्त्रात ‘संधिव्यय’ नावाची एक संकल्पना आहे. एक मार्ग निवडताना दुसरा हातचा जातो, ही त्या निवडीची खरी किंमत. वंध्यत्वाने पीडित स्त्रीच्या बाबतीत ती किंमत वाढत्या वयाची असते. रुपयांनी वा वॉनने ती भरून निघत नाही. पारंपरिक वैद्यांना अल्ट्रासाऊंड वापरण्याची मुभा कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ज्या खटल्यात मान्य केली, त्यातील रुग्णेची सुमारे दोन वर्षांत ६८ वेळा तपासणी झाली होती. तरी तिचा गर्भाशयाचा कर्करोग लक्षात आला नव्हता. न्यायालय अधिकार देऊ शकते, अचूक निदानाची हमी देऊ शकत नाही.

प्रत्येकाची प्रकृती भिन्न, सबब आमचे शास्त्र अशा चाचण्यांत बसत नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. वैद्याने प्रकृतीनुसार हवा तो उपचार निवडावा आणि अशा रुग्णांच्या गटाची दुसऱ्या गटाशी तुलना करावी, यास कोणतीच आडकाठी नाही. तसेच, परंपरेतून आले म्हणून सारेच त्याज्य मानणाऱ्यांनीही मानेच्या दुखण्याचा अभ्यास डोळ्यांआड करू नये.

आपल्याकडे २०१४ मध्ये आयुषसाठी स्वतंत्र मंत्रालय स्थापन झाले. परंपरेचा अभिमान आपल्यालाही आहे आणि सार्वजनिक पैसा आपल्याकडे तर अधिकच तुटपुंजा आहे. म्हणून गुण आल्याचा दावा ऐकताच नागरिकांनी एकच प्रश्न विचारावा: कशाच्या तुलनेत? ज्या उपचाराजवळ याचे उत्तर असेल त्याला तिजोरीतून पैसा मिळावा. ज्याच्याजवळ नसेल त्याला आधी संशोधनासाठी पैसा द्यावा, आणि उत्तर मिळेपर्यंत प्रचारासाठी मात्र देऊ नये.