सचित्र म्हणजे बालवाङ्मय नव्हे

मा. संपादक,


मित्रमंडळींच्या वाचनगटाने पुराणकथांचे सचित्र पुस्तक निवडणे हा वाचनाचा आळस आहे आणि ही सवय १९६७ नंतर ‘अमर चित्र कथे’ने लावली, असे आपल्या अंकातील एका लेखाच्या लेखकांचे म्हणणे. दोन्ही विधाने चुकीची आहेत.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः रंगवलेले ‘चित्ररामायण’ १९१६ सालचे. देवादिकांची चित्रे छापणारा चित्रकार रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला १८९४ मध्ये. पिंगुळीचे ठाकर चित्रकथी तर पिढ्यान्‌पिढ्या पोथीतले एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत सांगत आले. ऐकायला मोठी माणसेही जमत. यांना आळशी म्हणायचे का?

चित्र कल्पनाशक्ती मारते, हा लेखातला आणखी एक आक्षेप. आमच्या गटात उलट घडले. आम्ही देवदत्त पट्टनायकांचे महाभारतावरचे ‘जय’ निवडले. रेखाचित्रे त्यांचीच, आणि कथेखाली लोकपरंपरेतले पाठभेद दिलेले. आम्ही नेवाशाचे, अमृत वाटणाऱ्या मोहिनीच्या रूपातले मोहिनीराज आमचे ग्रामदैवत. अमृतमंथनाची कथा इथे प्रत्येकाने घरी ऐकलेली, आणि प्रत्येकाची थोडी वेगळी. चित्रावर बोट ठेवूनच वाद सुरू झाला. एरवी गप्प बसणारेही बोलले.

चकचकीत चित्रे आणि तोकडा मजकूर अशी पुस्तके बाजारात आहेत, एवढे मान्य. म्हणून घेण्यापूर्वी कथेचा आधारग्रंथ आणि चित्रकाराचे नाव छापले आहे का, ते पाहावे. सरसकट सगळी बाद करू नयेत.


एक वाचक, नेवासे (जि. अहिल्यानगर)