संगणक भंगारात काढण्यापूर्वी

तुमच्या शाळेच्या संगणक-कक्षात असा एखादा संगणक नक्की असेल, की ज्याचे बटण दाबून तुम्ही पाणी पिऊन परत आलात तरी पडद्यावर चक्रच फिरत असते. "जुना झाला, भंगारात काढा," असे कोणीतरी म्हणते, डेडस्टॉक रजिस्टरात 'निकामी' असा शेरा पडतो आणि संगणक अडगळीत जातो. हा शेरा मारण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे, असे माझे मत आहे. संगणकाचा नेमका कोणता भाग मंद आहे?

याचे उत्तर अंदाजाने देऊ नका, मोजून पाहा. विंडोज प्रणालीत टास्क मॅनेजर उघडला, की प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क किती टक्के गुंतलेली आहेत ते दिसते. दहा-बारा वर्षांच्या संगणकात पुष्कळदा असे आढळते, की प्रोसेसर जेमतेम दहा-वीस टक्के काम करतो आहे आणि हार्ड डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकली आहे. म्हणजे हिशेब करणारा हात बांधून बसला आहे आणि कपाटातून वही शोधून आणणारा धापा टाकतो आहे!

असे का होते? हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय थर दिलेली चकती फिरत असते व तिच्यावरून वाचक-शीर्ष सरकत असते. नेहमीच्या डिस्कची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. शीर्ष योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद जातात. एकूण झाले १३. हा काळ तुम्हाला क्षुल्लक वाटेल. पण २ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे तेवढ्यात २ कोटी ६० लाख ठोके पडून जातात! संगणक सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात आणि बऱ्याचदा ही प्रतीक्षा पुन्हा करावी लागते.

मग चकती अधिक वेगाने का फिरवू नये? साडेतीन इंची डिस्कच्या चकतीची कड आताच ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते. वेग दुप्पट केला तर अभिकेंद्री त्वरण चौपट होते. हवेचे घर्षण, उष्णता आणि कंप हेही वाढतात. मोठ्या सर्व्हरसाठी १५,००० फेऱ्यांच्या डिस्क निघाल्या, तरी त्यांतही सरासरी २ मिलिसेकंद थांबावे लागेच. यंत्राच्या हालचालीला मर्यादा आहे.

एसएसडीमध्ये हालचालच नाही. तिच्यात माहिती सूक्ष्म कोशांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात राहते आणि सुमारे ०.१ मिलिसेकंदात हाती येते. म्हणजे शंभराहून अधिक पट फरक. "आमच्या संगणकाची जोडणी जुन्या साटा-२ प्रकारची आहे, तिला एसएसडीचा काय उपयोग?" असे काही जण विचारतात. त्या जोडणीतून सेकंदाला फार तर ३०० मेगाबाइट जातात, त्यामुळे एखादा मोठा चित्रपट उतरवताना एसएसडीचा पूर्ण वेग मिळणार नाही. पण लहान फाइलींसाठीची प्रतीक्षा टळते ती टळतेच, आणि रोजच्या वापरात जाचते ती प्रतीक्षाच.

मात्र डिस्क बदलली की सर्व रोग बरे होतात, असे समजू नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसली, तर आधी मेमरी वाढवा. ज्या संगणकात चाळीस पिनांची रुंद, चपटी पट्टी डिस्कला जोडलेली असते, तो बहुधा इतका जुना असतो की त्यावर खर्च करणे व्यर्थ. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि अनेक जुन्या संगणकांना विंडोज ११ चालत नाही. तेथे विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्स प्रणालीचा विचार करावा.

काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. आधी सर्व माहितीची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती उघडून तपासा. प्लग काढा, पेटीच्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युतभार घालवा, मगच आत हात घाला. माझी एक चूक सांगतो. एकदा घाईत प्रत करताना मी 'कोठून' आणि 'कोठे' यांची अदलाबदल केली. कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरली आणि विद्यार्थ्यांनी दोन वर्षांत घेतलेली लंबकाची निरीक्षणे पुसली गेली. वेगळी प्रत मी ठेवलीच नव्हती. डिस्क बाजारात मिळते, निरीक्षणे मिळत नाहीत.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की हे काम परस्पर दुरुस्तीवाल्याकडे सोपवू नका. आधी विद्यार्थ्यांना संगणक सुरू होण्याचा वेळ घड्याळ लावून पाच वेळा मोजू द्या, सरासरी काढू द्या आणि डिस्क बदलल्यावर पुन्हा मोजू द्या. वर्तुळगती, चुंबकत्व, विद्युतभार आणि निरीक्षणांची नोंद असे चार धडे एका पेटीत सापडतील. काढलेली डिस्कही फेकू नका. ती सुस्थितीत असेल तर प्रती ठेवण्यास उपयोगी पडेल. देऊन टाकायची असेल, तर आधी ती खास साधनाने पूर्ण पुसा, कारण फाइल नुसती 'डिलीट' केल्याने मजकूर लगेच नाहीसा होत नाही.

एका मंद भागासाठी सगळे यंत्र टाकून देणे म्हणजे पंक्चर झाले म्हणून सायकल विकण्यासारखे आहे. तेव्हा 'निकामी' हा शेरा मारायचा असेल तर जरूर मारा, पण त्याच्या शेजारी मोजमापाचे आकडे लिहूनच.