पावसची मिरवेल आणि आपला ऊस

गट सभांमधून गेली दोन-तीन वर्षे एक मागणी हमखास होते. "साहेब, ती ट्रायकोडर्माची पावडर कारखान्याने फुकट वाटावी, निदान निम्म्या किमतीत तरी द्यावी." मागणी वावगी नाही. पण माझे मत विचाराल तर, जो सभासद ऊस तुटल्यावर पाचट पेटवून देतो त्याला ही पावडर फुकट तर नाहीच, पण अनुदानावरसुद्धा देऊ नये. हे वाचून काही सभासद बंधू रागावतील. रागवावे, पण आधी कारण ऐकून घ्यावे.

जमिनीतून येणारे रोग पानावरच्या रोगासारखे डोळ्यांना दिसत नाहीत. लागण केली, पंधरा दिवस झाले, महिना झाला, कोंब वर आला नाही, म्हणून टिपरी उकरून उभी चिरली तर आतून लाल-काळी पडलेली आणि पिकल्या अननसासारखा वास. हा अननस रोग. बुरशी टिपरीच्या कापलेल्या तोंडातून आत शिरते. थंडीतली लागण आणि पाणी तुंबणारे रान तिला फार मानवते. दुसरा मर रोग. पावसाळा सरता सरता बेटातले काही ऊस पिवळे पडतात, वजन जाते, कांडी चिरली तर आत मळकट लाल रंग आणि पोकळी. तोडणी टोळी असले ऊस बाजूला फेकते आणि वजनकाट्यावर आल्यावर आपण टनेज का घटले म्हणून विचारतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, बेणे बुडवायला पूर्वी पाऱ्याचे औषध असायचे. आधी अ‍ॅगॅलॉल, एरेटान, मग एमिसान. गुण यायचा, नाही असे नाही. पण पारा हा पारा. उघड्या हाताने टिपऱ्या बुडवणाऱ्या बायामाणसांचा विचार कोणी केला? ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्र सरकारने ज्या औषधांवर बंदी घातली त्यांत हे पाऱ्याचे औषधही होते. ते गेले ते बरेच झाले. ती जागा भरायला म्हणून आता सगळ्यांचे लक्ष जैविक उपायाकडे वळले आहे, आणि इथेच घोटाळा होतो आहे.

ट्रायकोडर्मा ही काही कंपनीने शोधलेली वस्तू नाही. आपल्या उकिरड्यात, ओलसर पाचटाखाली जी हिरवी बुरशी दिसते तिच्या जातकुळीतलीच ही. अमेरिकेत वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले की ही बुरशी जमिनीतल्या दुसऱ्या रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेढा घालते आणि तिच्यावरच पोसते. शिवाय ती झपाट्याने वाढते, म्हणजे मुळाजवळचे खाणे आणि जागा आधीच अडवून बसते. मागाहून आलेल्या रोगाला पंगतीत पाट उरत नाही. पण एक गोष्ट बघा, शत्रू नसेल तेव्हाही हिला जगायला काहीतरी खायला लागते, आणि ते म्हणजे कुजणारा पालापाचोळा, शेणखत, पाचट. म्हणून मी या पावडरीला औषध म्हणत नाही, विरजण म्हणतो. दूधच नसेल तर विरजण कशाला लावायचे?

पावस आपल्या सभासदांना नवे नाही. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीच्या दर्शनाला आपल्या भागातून दरवर्षी गाड्या भरून माणसे जातात. आंबा घाट उतरून रत्नागिरी, मग भाट्याचा पूल, तिथेच १९५५ सालापासूनचे नारळ संशोधन केंद्र, आणि पुढे पावस. दर्शन होते, प्रसाद होतो, हंगाम असला तर हापूसची पेटी घेतली जाते आणि गाडी परत फिरते. माझे सांगणे असे की पुढच्या खेपेला तासभर काढून तिकडचे एखादे आगर पाहून यावे. नारळ-पोफळीवर मिरीचे वेल चढवलेले असतात. या मिरवेलीला पावसाळ्यात मर लागते. फायटोप्थोरा नावाची बुरशी जमिनीतून बुंध्याला धरते, पाने काळी पडून गळतात आणि पाच-सहा वर्षे जोपासलेला वेल बघता बघता उभा वाळतो. एकदा बुंधा कुजला की कोणतेही औषध त्याला परत आणत नाही.

तिथले जाणते बागायतदार काय करतात? पाऊस लागण्याआधी चर काढून पाण्याला वाट करून देतात. जमिनीवर लोळणारे फुटवे छाटतात. मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतात. आणि बुंध्याभोवती शेणखत किंवा निंबोळी पेंडीत मिसळून ट्रायकोडर्मा देतात, तेही बोर्डोच्या पाठोपाठ लगेच नाही, मध्ये पंधरा दिवस सोडून, कारण तांबे रोगाच्या बुरशीला मारते तसे या बुरशीलाही मारते. पावडर हे त्या सगळ्या कामातले शेवटचे काम. आणि आगरात जमिनीकडे नजर टाकली तर माती दिसत नाही, पालापाचोळाच दिसतो. तिथे काडी ओढायचे कोणाच्या मनातही येत नाही.

आता आपल्याकडे या. तिकडची जांभ्याची जमीन आम्लधर्मी, वर सावली, खाली ओल. ट्रायकोडर्माला हे सगळे मानवते. आपली काळी जमीन विम्लधर्मी, काही रानांत तर पाणी आणि खत वारेमाप देऊन आपण ती चोपण केलेली. वरून एप्रिल-मेचे ऊन, आणि त्यात पाचट जाळून भाजलेला वरचा थर. अशा जमिनीत दोन किलो पावडर फेकून पावसच्या आगरासारखा गुण येईल, असे कोणी सांगत असेल तर तो माल विकणारा आहे असे समजावे.

एक प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. बेणेप्रक्रियेच्या पिंपात शंभर लिटर पाणी, त्यात शंभर ग्रॅम कार्बेन्डाझिम, तीनशे मिली मॅलॅथिऑन. इथपर्यंत शिफारशीप्रमाणे. मग एकदमच काम उरकावे म्हणून त्याच पिंपात ट्रायकोडर्माचा पुडा! कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक आहे आणि ट्रायकोडर्मा ही बुरशी आहे. पुडा पिंपात पडला तिथेच पैसे बुडाले. बेण्याला औषध लावायचे तर लावावे, आणि ट्रायकोडर्मा मागाहून, दहा-पंधरा दिवसांनी, एकरी दोन-अडीच किलो पावडर शंभरेक किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना सरीत द्यावी. पुडा घेताना तारीख बघावी. एका ग्रॅममध्ये निदान वीस लाख जिवंत बीजाणू असले पाहिजेत असा सरकारी दंडक आहे, पण दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेल्या पुड्यात त्यातले किती जिवंत राहिले असतील ते देवच जाणे.

खरा मुद्दा पाचटाचा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते पेटवायला एक काडी पुरते आणि अर्ध्या तासात राख होते. त्याबरोबर नत्र जाते, सेंद्रिय कर्ब जातो, आणि ज्या जिवांना आपण पैसे मोजून पुड्यातून आणतो तेच वरच्या थरात भाजून मरतात. एका हाताने जाळायचे आणि दुसऱ्या हाताने अनुदान मागायचे, हा हिशेब मला तरी जुळवता येत नाही. उलट टनामागे आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी दिले तर पावसाळ्यापर्यंत पाचट मऊ पडते. सगळ्या सरीत नको असेल तर एक सरी आड ठेवावे. "पाचट ठेवले की पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात" ही तक्रार मला ठाऊक आहे. उंदरांची तक्रार काही अंशी खरी आहे. पाण्याची मात्र मला पटत नाही. पाणी हळू सरकते म्हणजे मुरते, आणि पाळी लांबवता येते.

या बुरशीकडून नको त्या अपेक्षाही करू नयेत. रोगट बेणे लावले तर रोग टिपरीच्या आतच असतो, बाहेरच्या मातीतला राखणदार त्याला काय करणार? उत्तर प्रदेशात को ०२३८ या एकाच जातीखाली बहुतेक क्षेत्र गेले आणि गेल्या काही वर्षांत लाल कुजेने त्या जातीची दाणादाण उडवली. तिथे जैविक उपाय झाले, पण शेवटी जातच बदलावी लागली. म्हणून बेणे मळ्यातले नऊ ते अकरा महिन्यांचे निरोगी बेणे आणि निचरा, या दोन गोष्टी आधी. गवताळ वाढीला तर ट्रायकोडर्माचा काडीचा उपयोग नाही. तिथे उष्ण हवेची बेणेप्रक्रियाच हवी.

माझी सूचना एवढीच. पावडर सरसकट वाटण्यात पैसा घालण्यापेक्षा तो कारखान्याच्या आवारातल्या प्रेसमडवर घालावा. प्रेसमडवर ट्रायकोडर्मा चांगली वाढते, खाण्यासकट ती रानात जाते. हे खत सवलतीत द्यावे, पण खोडव्याचे पाचट राखल्याची गट ऑफिसच्या स्लिपबॉयने पाहणी करून नोंद केलेल्या सभासदालाच. ज्यांचा ऊस अपघाताने जळाला त्यांना अट लावू नये, त्यांचे आधीच नुकसान झालेले असते. हा संचालक मंडळाचा निर्णय नव्हे, माझे वैयक्तिक मत आहे. ज्यांना ते पटत नसेल त्यांनी पुढच्या गट सभेत उभे राहून जरूर सांगावे. फक्त येताना आपल्या खोडव्याचे एक बेट मुळासकट उपटून आणावे, म्हणजे बोलणे मुळावरच होईल.