अडाणी कोणाला म्हणायचं?

इंग्रजीत 'नेसियन्स' असा एक जुना शब्द आहे. आता तो बोलण्यात फारसा येत नाही. लॅटिनमधलं 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणं. याच 'स्कीरे'पासून 'सायन्स' आलं. 'नेसियन्स' म्हणजे नुसतं ठाऊक नसणं. त्यात शिवी नाही. शांकरभाष्याच्या इंग्रजी भाषांतरात जॉर्ज थिबो यांनी 'अविद्या'साठी हाच शब्द घेतला. त्याच सुमारास महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 'अविद्या' वेगळ्या अर्थानं मांडत होते: शिकू न दिल्यामुळे माणसाच्या वाट्याला आलेली.

वऱ्हाडात मात्र ठाऊक नसलेल्याला सरसकट 'अडाणी' म्हणून मोकळं होतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी, शेतमजूर दगावले. कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावर येत होता. तरी 'हातमोजे घालत नाहीत, अडाणी आहेत', हे बोलणं तेव्हा सर्रास ऐकू आलं. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. बाकीची माहिती इतक्या बारीक अक्षरांत असते, की शिकलेल्यालाही चष्मा लागतो. मजुरानं विचारावं, तर 'तुले काय समजते?' हे ऐकावं लागतं. मग 'मले नाई माईत' हे वाक्य ओठांतच राहतं आणि पंप पाठीवर चढतो.

गाडगेबाबा याच मुलखातले. जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला, मामाकडे. मामाची जमीन सावकाराच्या कागदांत अडकलेली त्यांनी पाहिली. तिथंही न वाचता आलेलं अक्षरच नडलं होतं. बाबा शाळेत गेले नाहीत. पुढे कीर्तनात ते वऱ्हाडीत प्रश्न विचारत आणि उत्तर समोरच्या गर्दीच्याच तोंडून काढत. ठाऊक नाही म्हणणाऱ्याला तिथं खाली पाहावं लागत नसे. अंगावरचं लुगडं हलक्या भावाचं घ्या, पण पोरांना शाळेत घाला, हे सांगणं त्यानंतर यायचं. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे.

अकोल्यात पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे, तालुक्या-तालुक्यात कृषी केंद्रं आहेत. बाटली फिरवून त्रिकोण दाखवायला आणि 'हा लाल आहे, तोंड बांधून मारा' म्हणायला अर्धं मिनिट लागतं. तेवढं सांगितल्याशिवाय कोणत्याही दुकानातून बाटली गिऱ्हाइकाच्या हाती जाऊ नये.